आमच्या शाळेतलं इतिहास संशोधन

सोनीजी स्टाफरूमच्या दारात उभे होते. हातात मिठाईचा डबा, कपाळावर घाम. सदर बाजारातलं दागिन्यांचं दुकान भर दुपारी सोडून हा माणूस शाळेत आला, म्हणजे काम मोठं असणार हे उघड होतं. मला वाटलं, मुलाची हजेरी कमी पडली असेल.

"मैडम," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हमारी दुकान तीन सौ साल पुरानी करवा दीजिए."

मी हातातली वही मिटली.

"बगलवालों की आपने दो सौ साल की कर दी है. हमसे क्या गलती हुई?"

त्यांच्या बगलवाल्यांच्या, म्हणजे शेजारच्या दुकानाशी माझा संबंध एवढाच, की तिथे मी एकदा मंगळसूत्राची वाटी सांधून घेतली होती. दुकानाचं वय वाढवल्याचं काही आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"आपने नहीं किया, उनके लड़के ने किया," सोनीजी समजूत घालत म्हणाले. "लेकिन आदेश तो आपका ही था. संशोधन का. हमारा पंकज भोला है, उसने सिर्फ सौ साल किया."

भोळा पंकज नववी ब मध्ये शेवटच्या बाकावर बसायचा. त्याचा बगलवाला त्याच बाकावर बसायचा. मी मिठाई परत केली, चार्ट बघून सांगते म्हटलं, आणि सोनीजींना कसंबसं पायऱ्यांपर्यंत पोचवलं. डबा मात्र ते जाताना खिडकीत ठेवून गेले, आणि मधल्या सुट्टीत तो स्टाफने संपवला.

मी तेव्हा रायपूरच्या एका खासगी शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवायची. जोडीला आठवड्यातून दोनदा नीतीचा तास घ्यायची. नीतीचा तास म्हणजे खरं बोलावं, मोठ्यांचा मान ठेवावा, नळ बंद करावा. त्याची परीक्षा नाममात्र असते, त्यामुळे शिक्षकांत त्याला मागणी नसते. जो नवीन असेल त्याच्या गळ्यात पडतो. मी नवीन होते.

नवीन म्हणजे प्रोबेशनवर. काम पूर्ण करायचं, तक्रार करायची नाही, आणि वर्ष संपताना साहेब ठरवणार की तुम्हाला कायम करायचं की घरी पाठवायचं. कायम करण्याला कन्फर्मेशन म्हणतात. आमच्याकडे त्याचा निर्णय एकटे मिश्रा सर करायचे, कारण शाळा त्यांचीच होती आणि प्राचार्यही तेच होते. कित्येक वर्षं घरी शिकवण्या घेऊन, चाळिशीला टेकल्यावर मला मिळालेली ही पहिली नोकरी होती. मला ती हवी होती. लाजायचं काय त्यात, फार हवी होती.

माझं शिक्षण वर्ध्याचं, सगळं मराठीतून. एम.ए. इतिहास. लग्न करून रायपूरला आले आणि हिंदी शिकले ती भाजीवाल्यांकडून, शेजारणींकडून आणि मालिकांमधून. अडत नव्हतं. चार पालक समोर बसले तर त्यांच्याशी हवं ते बोलता यायचं. निदान माझा तसा समज होता.

राज्य तेव्हा नुकतंच वेगळं झालं होतं आणि रायपूर राजधानी झालं होतं. ऑफिसातल्या जुन्या कागदांवर मध्यप्रदेश खोडून छत्तीसगढचा शिक्का मारत होते. मंत्रालय एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत थाटलं होतं, आणि रिक्षावाल्याला हॉस्पिटल म्हटलं तरच तो तिथे नेत असे. आमच्या गल्लीतल्या पानवाल्याने रातोरात पाटी बदलून ‘राजधानी पान महल’ केली. सगळ्या गावाला एकदम नवे कपडे घातल्यासारखं झालं होतं.

मला वाटलं, मुलांना पुस्तकातल्या लढायांचा कंटाळा आलाय, तर त्यांना आपल्या पाऱ्याचा इतिहास शोधू दे. पारा म्हणजे इकडे मोहल्ला. विहीर कुणी खणली, देऊळ कधीचं, बाजार कसा वसला. आम्ही कॉलेजात असताना सर सांगायचे, इतिहास संशोधन दिल्लीत होत नाही, आपल्या गल्लीत होतं. ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘प्रत्येक छात्र अपने मोहल्ले के इतिहास का संशोधन करे और चार्ट बनाए. घर के बड़ों की सहायता ले.’

मग दुर्गा साहूने हात वर केला. ही अभनपुरहून रोज छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरो गेजच्या गाडीने यायची आणि पहिला तास तिचा कायम बुडायचा. पण मुलगी हुशार.

"मैडम, सच में करना है?"

"मनापासून करायचं," मी हिंदीत म्हटलं.

"जितना मन करे उतना?"

"जेवढं कराल तेवढं थोडंच आहे."

मुलांचे चेहरे असे उजळले की मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला. घंटा झाल्यावरही कुणी उठेना. नववी ब इतिहासासाठी बसून राहते, हे मी स्टाफरूममध्ये दोनदा सांगितलं.

सोनीजी गेल्यावर मी कपाट उघडलं. चार्ट सकाळीच जमा झाले होते आणि एकही मूल राहिलं नव्हतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी वरचा चार्ट उलगडला. अनुराग शुक्ला, चौबे कॉलोनी. ‘चौबे कॉलोनी में बहुत पहले भयंकर युद्ध हुआ था. इसमें दोनों पक्ष जीत गए.’ खाली दोन राजे हातात हात घालून उभे. मागे बंगल्यांची रांग आणि एक स्कूटर.

मी अनुरागला बोलावून घेतलं.

"बेटा, दोन्ही बाजू कशा जिंकतील?"

"मैडम, दोनों के खानदान हमारी ही लाइन में रहते हैं," तो गंभीरपणे म्हणाला. "एक को हराता तो उसका दिल दुखता. आपने ही सिखाया है, किसी का दिल नहीं दुखाना."

"आणि हे युद्ध झालं कुठे?"

"पार्क में."

पुढचा चार्ट तलावाचा होता. पाऱ्यातला तलाव नेहा नावाच्या मुलीच्या नानीने एकटीने खणला होता. मी मुलांना शिकवलं होतं की प्रत्येक विधानाखाली पुरावा लिहायचा. नेहाने लिहिला होता. ‘प्रमाण: नानी स्वयं.’ पंकजच्या चार्टवर सोनीजींचं दुकान शंभर वर्षांचं होतं आणि त्यात राजवाड्याचे दागिने घडत होते. बगलवाल्याच्या चार्टवर दोनशे वर्षांचं, आणि राजा स्वतः उधारीवर माल नेत होता. दुर्गाच्या चार्टवर एकच ओळ होती आणि तिच्याभोवती फुलं काढली होती. ‘प्राचीन काल में अभनपुर की गाड़ी समय पर आती थी.’

सगळी नववी ब एकाच दिवशी बिघडली असं होत नाही. कुठेतरी काहीतरी चुकलं होतं, आणि ते माझंच असावं असं मला वाटायला लागलं. म्हणून मी आधी इतरांवर संशय घेतला. हिंदीच्या सरांनी मुलांना काही सांगितलं का, ते विचारून आले. ते म्हणाले, त्यांनी वर्षभरात मुलांना काहीच सांगितलेलं नाही.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. आमचे हे रेल्वेत होते, स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत. दिवसभर लोकांना गाडी किती लेट आहे ते सांगायचं काम. त्यामुळे घरी त्यांना कशाचीच घाई नसायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि हसायला लागले. थांबेचनात.

"अवं, तू पोट्ट्यांना संशोधन कराले सांगितलं?"

"मग काय सांगू?"

"संशोधन म्हणजे हिंदीत दुरुस्ती. बदल. तू पोट्ट्यांना इतिहास बदलून आणाले सांगितला, त्यांनी बदलून आणला. त्यांचं काय चुकलं?"

"काहीतरी बोलू नका. संशोधन म्हणजे संशोधन. नवीन माहिती शोधून काढणं."

"मराठीत. हिंदीत त्याले शोध म्हणते." ते पुन्हा हसले. "टेशनवर बोर्ड नाही पाह्यला का तू? समय-सारणी में संशोधन. तुले काय वाटलं, रेल्वेवाले टाइमटेबलवर पीएचडी करून राहिले?"

खरं सांगते, मला तसंच वाटायचं. इतकी वर्षं तो बोर्ड वाचून रेल्वेबद्दल माझा आदर वाढत होता. एवढा अभ्यास करूनही गाड्या लेट का येतात, एवढंच कोडं होतं.

आठवीतली आमची स्वाती आतल्या खोलीतून ओरडली, "मम्मी, संशोधन मतलब करेक्शन. इतना तो मुझे भी पता है."

"मग मले इतक्या वर्षांत सांगितलं काहून नाही?" मी दोघांनाही विचारलं.

"तू कधी विचारलंच नाही," हे म्हणाले.

माझं अजूनही म्हणणं आहे की शब्द माझाच बरोबर होता. मराठीत त्याचा अर्थ खणून, तपासून खरं काय ते शोधणं असा आहे, आणि इतिहासाच्या बाबतीत तोच अर्थ शोभतो. हिंदीवाल्यांनी त्याचं काय करून ठेवलं, त्याला मी जबाबदार नाही. पण हे प्रोबेशनवरच्या माणसाने बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी मिश्रा सरांच्या केबिनमध्ये गेले. चार्ट परत देते आणि उपक्रम पुन्हा घेते, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ते खुर्चीतून उठले. हा माणूस खुर्चीतून फक्त जेवायला आणि राष्ट्रगीताला उठायचा.

"गावंडे मैडम, कमाल कर दिया आपने. पहली बार पूरी क्लास ने काम जमा किया है."

"सर, त्यात थोडी गडबड..."

"मैंने सब देख लिया. राजधानी का स्कूल है, राजधानी जैसा इतिहास चाहिए. राज्य के स्थापना दिवस पर प्रदर्शनी लगेगी. शिक्षा विभाग से वर्मा साहब आ रहे हैं, उपसंचालक. आपके चार्ट सामने के हॉल में लगेंगे."

मी सांगून टाकलं की त्यातलं बरंचसं खरं नाही. सरांना काही वाटलं नाही. ते पुढे वाकले आणि आवाज खाली आणला.

"एक और चार्ट बनवाइए. हमारे स्कूल का. स्कूल का भी थोड़ा संशोधन हो जाए."

"सर, शाळेच्या जागी आधी धानाचं गोदाम होतं."

"धान तो था," सर म्हणाले. "लेकिन वह धान किस महापुरुष ने खाया होगा, यह सोचिए."

मी म्हटलं, सर, मी नीतीचा तास घेते. सकाळी मुलांना खरं बोला म्हणायचं आणि दुपारी हॉलमध्ये हे लावायचं, ते मला जमणार नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मैडम, आपका कन्फर्मेशन भी तो इसी महीने देखना है."

बास, एवढंच बोलले. धमकी म्हणता येणार नाही, आणि दुसरं काही म्हणावं असंही त्यात नव्हतं. मी केबिनमधून बाहेर आले. खोटे चार्ट लावले तर ज्या मुलांसमोर रोज उभी राहते त्यांच्यासमोर तोंड दाखवायला जागा नाही. नाही लावले तर नोकरी नाही. घरी जाऊन रडले, हेही सांगून टाकते. आमचे हे म्हणाले, "रडून नको राहू. लावून टाक चार्ट, कोण वाचते?" मला त्याचा जास्तच राग आला. लोक वाचत नाहीत म्हणून खोटं लिहायचं, हे मी नववी ब ला कसं शिकवणार होते?

पण त्याच रागात मला त्यांच्या ऑफिसचा तो बोर्ड आठवला. रेल्वेवाले जेव्हा गाडीची वेळ बदलतात, तेव्हा नुसती नवी वेळ लिहीत नाहीत. दोन खाने असतात. डावीकडे आधीची वेळ, उजवीकडे बदललेली. म्हणजे बदल करणाऱ्याला आधी काय होतं ते कबूल करावंच लागतं. मी ह्यांना विचारून खात्री करून घेतली. ते म्हणाले, नियमच आहे तसा.

मी वर्गात गेले. मुलांना सांगितलं, संशोधन अर्धंच झालंय. सगळ्या चार्टवर मधोमध एक रेघ मारा. उजवीकडे तुम्ही लिहिलंय ते राहू द्या, त्यावर लिहा ‘संशोधित’. डावीकडे लिहा ‘पूर्व स्थिति’, आणि खाली जे खरं होतं ते. डावी बाजू रिकामी असेल तर चार्ट लागणार नाही.

गंमत म्हणजे उजवा खाना एका संध्याकाळीत भरून झाला होता आणि डाव्याला मुलांचे आठ-दहा दिवस गेले. म्हातारी माणसं शोधावी लागली, देवळाच्या पुजाऱ्याला गाठावं लागलं, एकाला तर आजोबांच्या मित्राकडे थेट राजिमला जावं लागलं. म्हणजे मला हवं होतं तेच चाललं होतं. फक्त त्याला संशोधन म्हणायचं नाही, एवढंच.

शाळेचा चार्ट मी पंकज आणि अनुरागला दिला. म्हटलं, गोदाम कुणाचं, कधी बांधलं, शाळा कशी झाली, शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना विचारून आणा. डाव्या खान्यात दोघांनी तात्पुरतं लिहिलं, ‘धान का गोदाम’. उजव्या खान्यात मिश्रा सरांनी सांगितलेलं वाक्य घातलं, ‘यहाँ महान विभूतियाँ भोजन और विश्राम करती थीं.’

सर प्रदर्शनीच्या आधी एक चक्कर मारून गेले. दोन खाने त्यांना दिसले. सरांनी लांबूनच मान डोलावली. "वाह, एकदम सरकारी लग रहा है." डावीकडचं त्यांनी वाचलंच नाही. मोठ्या माणसांची नजर उजवीकडेच जाते, असा माझा अनुभव आहे.

वर्मा साहेब ठरल्यापेक्षा उशिरा आले. बारीक अंगाचा, न हसणारा माणूस. बरोबर एक बाबू, त्याच्या काखेत फाईल. नव्या राज्यात सगळे नियम नव्याने लागू करायचे होते आणि यांचं काम दिवसभर तेच होतं, जुन्या आदेशात काय बदललं, कुणी बदललं, कुणाच्या सहीने बदललं. आरतीचं ताट, नारळ, गाणं, सगळं त्यांनी सहन केलं आणि पहिल्या चार्टसमोर उभे राहिले. वाचलं. दुसरा वाचला. वेळ लागत होता. कोणताही पाहुणा चार्ट वाचत नाही, ही माझी आणि मिश्रा सरांची दोघांचीही समजूत होती.

"ये संशोधन किसके आदेश से हुए हैं?" साहेबांनी विचारलं.

मिश्रा सर खुलले. "सर, सब स्कूल स्तर पर. हमारे ही प्रयास हैं."

"स्कूल स्तर पर इतिहास में संशोधन का अधिकार आपको किसने दिया?"

ते थट्टा करत असतील या आशेने मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"पूर्व स्थिति तो लिखी है, यह ठीक किया," साहेब बाबूला म्हणाले. "लेकिन सक्षम अधिकारी की अनुमति कहीं नहीं है. अनुमति मिलने तक पूर्व स्थिति यथावत. दायाँ कॉलम ढँकवा दीजिए."

याचा अर्थ असा, की परवानगी मिळेपर्यंत आधी जे होतं तेच चालू राहणार. सरकारी भाषेत बदल अडवायचा हा सगळ्यात साधा उपाय. आमचा शिपाई वर्तमानपत्रं आणि डिंक घेऊन आला. बघता बघता एकेक उजवा खाना झाकला जायला लागला. राजा उधारी न करता गेला. महान विभूती उपाशी गेल्या. चौबे कॉलोनीच्या डाव्या खान्यात राहिलं, ‘यहाँ कोई युद्ध नहीं हुआ. खेत थे, फिर प्लॉट कटे.’ तलावाच्या चार्टवर नानीने स्वतःच सांगितलेलं होतं की तलाव तिच्या जन्माआधीचा आहे, ती फक्त त्यात एकदा पडली होती.

सोनीजींचं दुकान आणि बगलवाल्यांचं दुकान, दोन्हींच्या डाव्या खान्यात एकच वाक्य निघालं. पंकज आणि त्याचा बगलवाला, दोघांचे आजोबा भाऊ होते आणि गल्लोगल्ली फिरून बांगड्या विकायचे. बाकी पालकांबरोबर आलेले सोनीजी तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे वडील मात्र त्या चार्टसमोर खुर्ची ओढून बसले आणि येईल त्याला फेरीच्या गोष्टी सांगायला लागले.

शिपाई दुर्गाच्या चार्टपाशी डिंक लावत होता. डावीकडे होतं, ‘अभनपुर की गाड़ी लेट आती है. मेरा पहला पीरियड छूट जाता है.’ साहेब थांबले.

"तुम इसी गाड़ी से आती हो?"

"हव सर," दुर्गा म्हणाली. छत्तीसगढीत हव म्हणजे हो.

"हम भी इसी से आते थे. कॉलेज." साहेबांनी डावा खाना पुन्हा वाचला. मग शिपायाला म्हणाले, "इसको मत ढँको. यह संशोधन होना चाहिए. स्वीकृत."

दुर्गा लाजली. मला एकदम बरं वाटलं. वाटलं, सुटलो. तेवढ्यात साहेब शेवटच्या चार्टपाशी पोचले, शाळेच्या.

"अच्छा, यहाँ गोदाम था," ते म्हणाले. "तो स्कूल का डायवर्सन हुआ है?"

डायवर्सन म्हणजे जमिनीचा वापर बदलल्याची कागदोपत्री नोंद. गोदामाच्या जागी शाळा चालवायची तर ती लागते, नसेल तर शाळेची मान्यता अडकते. मला तेव्हा एवढं काही माहीत नव्हतं. पण मिश्रा सरांचा चेहरा पाहिला आणि समजलं. तो शाळेच्या भिंतीसारखा पांढरा पडला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाने मला खोटं लिहायला लावलं होतं, तो आता मी खरं लिहिल्यामुळे अडकला होता, आणि माझं कन्फर्मेशन त्याच्याच हातात होतं. साहेब उत्तराची वाट बघत होते. पंकज आणि अनुराग माझ्या शेजारीच उभे होते, आणि मी काय बोलते ते दोघंही ऐकत होते.

खोटं बोलणं शक्य नव्हतं. खरं बोलून शाळा बुडवणंही मला जमेना. मग मला तो शब्द सुचला. म्हणजे माझ्या डोक्यातून तो कधी गेलाच नव्हता.

"सर," मी म्हणाले, "गोदाम के विषय में हमारा संशोधन अभी चल रहा है."

"चल रहा है?"

"जी. दो लोग लगा रखे हैं. जगह-जगह जाकर पूछताछ कर रहे हैं."

पंकज आणि अनुरागने छाती पुढे काढली. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते बाबूकडे वळले. "लिखिए, संशोधन प्रक्रियाधीन." मग पहिल्यांदाच किंचित हसून मिश्रा सरांना म्हणाले, "अच्छी बात है. बाकी स्कूल तो पूछने पर ही शुरू करते हैं."

साहेब चहा पिऊन गेले. मी खोटं बोलले का? हिंदीत कदाचित थोडंसं. मराठीत मी शंभर टक्के खरं बोलले होते. नीतीच्या तासाला कोणती भाषा धरायची, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मिश्रा सरांनी तहसील ऑफिसात खरोखरच अर्ज लावला, म्हणजे माझं हिंदीतलं वाक्यही उशिरा का होईना खरं झालं. महिनाअखेरीस त्यांनी मला बोलावलं. खुर्चीतून उठले नाहीत, पण बसा म्हणाले.

"मैडम, आपको परमानेंट कर रहा हूँ. लेकिन इतिहास आप रहने दीजिए. वो कॉमर्सवाले सर देख लेंगे. वो ज़्यादा खोदते नहीं." सरांनी कागद पुढे सरकवला. "आपको फुल टाइम नैतिक शिक्षा दे रहे हैं. छठी से दसवीं तक."

मी वाचलं. तसंच लिहिलं होतं. मराठी माणसाला हे दोन शब्द एकत्र वाचल्यावर काय वाटतं, ते सरांना समजावत बसले नाही. शब्दांचे अर्थ समजावण्याची माझी हौस भागली होती.

घरी गेले तर आमचे हे दारातच उभे. "काय झालं? कायम केलं का?"

"केलं."

"मग तोंड काहून पाडून बसली?"

"शिक्षा दिली. नैतिक. फुल टाइम."

हे मराठी माणूस. हसले नाहीत, दोन मिनिटं विचार केला. "किती वर्षांची?"

"रिटायर होईपर्यंत."

ती मी पूर्ण भोगून बाहेर पडले. चांगल्या वर्तणुकीबद्दल सूट मिळत होती, एकदा कॉमर्सवाले सर आजारी पडले तेव्हा सरांनी इतिहास परत घ्या म्हणूनही सांगितलं. मीच नको म्हटलं. नीतीच्या तासाला पोरं खरं काय ते विचारायची, आणि मला तो तास आवडायला लागला होता. परक्या राज्यात नोकरीला जाणाऱ्या नव्या शिक्षकांना माझं एकच सांगणं आहे. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारून घेतो. ओळखीच्या शब्दाचाही आधी विचारून घ्यावा.